वाघबारस माहीत आहे का?

गेल्या उन्हाळ्यात एका व्याख्यानमालेत संस्कृती या विषयावरचं भाषण ऐकलं. वक्ते वाचन असलेले, वाणी चांगली, सभागृह भरलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मानववंशशास्त्राला दीडशे वर्षांत संस्कृती म्हणजे काय हे धड ठरवता आलेलं नाही. इंग्रज मानवशास्त्रज्ञ टायलरने 1871 मध्ये सरळ सांगितलं होतं की वाडवडिलांकडून चालत येतं ते. पुढच्यांनी त्यात इतका घोळ घातला की 1952 मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी मोजायला घेतल्या तर 164 व्याख्या निघाल्या. तेव्हा या पंडितांच्या नादी न लागता जुनंच धरावं. ज्याने चालीरीती सोडल्या त्याने संस्कृती सोडली. आणि मग, आवाज जरा चढवून, शहरात येऊन ज्यांनी आपली संस्कृती कधीच टाकली त्यांनी तिच्या नावावर सवलती मागू नयेत.

टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता. तीस वर्षं हा विषय शिकवलेली मी त्या संध्याकाळी गप्प बसून घरी आले. ती टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी टायलरबद्दल, कारण त्याच्या नावावर भलतंच खपवलं गेलं. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशी लांबलचक जंत्री त्याच्या व्याख्येत आहे हे खरं. पण तिचा कणा जंत्रीत नाही. समाजात राहून माणूस जे मिळवतो ते सगळं संस्कृती, असं तो म्हणतो. मिळवतो, घेऊन जन्माला येत नाही. कुणाची हुशारी आणि कुणाचं मागासलेपण रक्तातच असतं असं विद्वान लोक मांडत होते त्या काळात हे म्हणणं साधं नव्हतं. वक्त्यांनी टायलरचं नाव घेतलं आणि त्याचं सगळ्यात मोलाचं क्रियापद तेवढं वगळलं.

टायलर चुकला तो दुसरीकडे. त्याच्या लेखी संस्कृती एकच होती आणि ती जिन्यासारखी होती. खाली रानटी, मध्ये अर्धवट सुधारलेले, वर सुधारलेले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर अर्थातच त्याच्या ओळखीचे लोक. संस्कृतीला अनेकवचन असू शकतं हे त्याला सुचलं नाही. आपल्याकडेही हा जिना अजून उभा आहे. ‘घर मोठं सुसंस्कृत आहे हो’ असं स्थळ बघताना म्हणतात तेव्हा दुसरं कुठलं तरी घर खालच्या पायरीवर ठेवलेलं असतंच.

खुद्द ‘संस्कृती’ हा शब्दही वक्त्यांना वाटतो तितका पुरातन नाही. ऐतरेय ब्राह्मणात तो आहे, पण तिथे कलांनी माणसाने स्वतःला घडवण्याबद्दल बोललेलं आहे. एका समाजाची जीवनरीत हा अर्थ इंग्रजी शिक्षणानंतर त्याला चिकटला. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी सांगून ठेवलं आहे की 1922 मध्ये पॅरिसला असताना एका महाराष्ट्रीय मित्राच्या तोंडून या अर्थाने हा शब्द त्यांना मिळाला. बंगालीत तेव्हा ‘कृष्टी’ चालत होता आणि तो रवींद्रनाथांना मुळीच आवडत नसे. चटर्जींनी हा शब्द त्यांच्या कानावर घातला आणि त्यांना तो पटला. म्हणजे आपली संस्कृती सनातन आहे असं आपण ज्या शब्दात सांगतो, तो शब्द या अर्थाने आपल्या पणजोबांच्या पिढीने रुळवला आणि मराठी माणसाने पॅरिसमधून बंगालला दिला. मला यात कमीपणा वाटत नाही. लोक शब्द असेच घडवतात.

आता व्याख्या बदलल्या त्या का बदलल्या, हे सांगायला हवं. वक्त्यांच्या सांगण्यावरून वाटावं की खोलीत बसून प्राध्यापकांनी शब्दांचे खेळ केले. तसं झालेलं नाही. दरवेळी कुणीतरी माणसांसमोर गेलं आणि बरोबर नेलेली कल्पना तिथे फुटली.

फ्रान्झ बोआस हा जर्मन पदार्थवैज्ञानिक 1883 मध्ये कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावर गेला. बर्फातल्या इनुइट लोकांना आपल्या प्रदेशाचं भान कसं असतं हे त्याला बघायचं होतं. तो हिवाळा त्याने त्यांच्या घरांत काढला, त्यांच्या ताटातलं खाल्लं, आणि यांच्यापेक्षा आपण श्रेष्ठ कशावरून, असं घरी लिहिलेल्या पत्रांत विचारायला लागला. परतल्यावर तीन वर्षांनी त्याने अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालयाशी भांडण काढलं. तिथे जगभरच्या वस्तू जातवारीने मांडल्या होत्या. सगळे भाले एकत्र, सगळी भांडी एकत्र, सगळे खुळखुळे एकत्र, साध्यापासून सुधारलेल्यापर्यंत ओळीने. बोआसने खुळखुळाच हातात घेतला. एके ठिकाणी तो पोराला रमवायला असतो, दुसरीकडे देवाच्या कामात वाजतो. काचेच्या कपाटात दोन्ही सारखे दिसतील, पण ज्यांनी ते वाजवले त्यांच्या लेखी ती एक वस्तूच नाही. वस्तू ज्या लोकांतून आली त्या लोकांच्या बाकीच्या जगण्याशेजारी ठेवा, तेव्हा ती कळेल, असं तो म्हणाला. संस्कृतीचं अनेकवचन इथून रुजलं. जिना मोडला.

बोआसने आणखी एक काम केलं. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून सुमारे 18 हजार माणसांची मापं घेतली. डोक्याचा आकार ही वंशाची कायमची खूण आहे, असं तेव्हा धरून चालत. बोआसला अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा वेगळी भरली. आपल्याकडे त्याच सुमारास ब्रिटिश अधिकारी रिस्ली नाकाची लांबीरुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. पुढे 1920 च्या दशकाच्या शेवटी इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंच्या कमीजास्तपणात वंशाचा फरक दिसेल, अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध सापडत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. तो गुरू 1933 मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. इरावतीबाईंनी इथे परतल्यावर मापं घेणं सोडलं नाही, याबद्दल त्यांच्याशी वाद घालता येईल. पण बर्लिनमधल्या त्या ‘नाही’ची किंमत मोठी आहे.

या शास्त्राला आपण अजून मानववंशशास्त्र म्हणतो. विद्यापीठांनी ‘मानवशास्त्र’ केलं, तरी सरकारी कागदांत आणि भाषणांत मधला ‘वंश’ ठाण मांडून बसलेला आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

रक्तातून हकालपट्टी झालेला फरक मग संस्कृतीत येऊन बसला. बोआसच्या विद्यार्थिनी रूथ बेनेडिक्ट यांनी 1934 च्या पुस्तकात तीन समाज घेतले आणि प्रत्येकाला जणू एकेक स्वभाव दिला. पुस्तक सुंदर आहे, हेतू निर्मळ आहे. पण वाचून वाटतं की प्रत्येक संस्कृती म्हणजे झाकण लावलेला डबा. आत एक चव, बाहेर दुसरी. अशा डब्यांचं काय होऊ शकतं हे दक्षिण आफ्रिकेने दाखवलं.

वेर्नर आइसेलेन हे तिथल्या स्टेलेनबॉश विद्यापीठात मानवशास्त्राचे प्राध्यापक होते. मिशनऱ्याचा मुलगा, आफ्रिकी भाषा येणारा. गोरा वंश बुद्धीने श्रेष्ठ आहे याला शास्त्रात आधार नाही, असं त्यांनी 1920 च्या दशकातच जाहीरपणे मांडलं होतं. बोआसने मान डोलावली असती. पण पुढचं वाक्य असं होतं की प्रत्येक समाजाची संस्कृती वेगळी, ती भेसळ झाली की मरते, म्हणून तिला तिच्या जागी, तिच्या हद्दीत, तिच्या शाळेत ठेवलं पाहिजे. हेच आइसेलेन पुढे एतद्देशीयांच्या कारभाराच्या खात्याचे सचिव झाले. काळ्यांच्या शिक्षणावरच्या आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि त्याच वाटेने 1953 चा बांटू शिक्षण कायदा आला. काळ्या मुलांना वेगळं, हलकं शिक्षण, ‘त्यांच्या संस्कृतीला साजेसं’. सोवेटोतली मुलं 16 जून 1976 ला रस्त्यावर उतरली ती या व्यवस्थेविरुद्ध. वंशश्रेष्ठतेचा दावा न करताही वर्णभेदाचं समर्थन करता आलं, आणि ते ‘संस्कृती’ या शब्दावर उभं राहिलं.

दक्षिण आफ्रिकेतच वाढलेले मानवशास्त्रज्ञ अॅडम कूपर यांनी म्हणूनच या शब्दाची इतकी कठोर झडती घेतली. घरात ज्याने आग पाहिली आहे त्याला आगपेटी उघड्यावर ठेवलेली सहन होत नाही. या झडतीला वक्त्यांनी घोळ म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

डबा फुटतो कसा हे दाखवणारं काम तोवर झालेलंच होतं. एडमंड लीच यांनी 1954 च्या पुस्तकात उत्तर ब्रह्मदेशातले काचिन आणि शान दाखवले. डोंगरातला काचिन खाली खोऱ्यात येऊन भातशेती धरतो, राहणी बदलतो, शान होतो. ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. मग फ्रेड्रिक बार्थ यांनी 1969 मध्ये नेमकी गोष्ट सांगितली. ते स्वातच्या पठाणांत राहिलेले होते. डब्यात काय आहे ते मोजत बसू नका, ते बदलत राहतं. डब्याची कड कशी टिकते ते पाहा. कोण कुणाला आपलं म्हणतं, मुली कुणाकडे देतात, कुणाला दारात थांबवतात, कुणाशी व्यवहार होतो पण पंगत होत नाही. माणसांचं ‘आम्ही’ या कडेवर ठरतं. आतल्या चालीरीती शंभर वर्षांत पार बदलल्या तरी कड तिथेच असू शकते.

हे वाचलं तेव्हा मी विशीत होते, आणि मला पहिल्यांदा गावकुसाची आठवण झाली. गावकुसाबाहेरच्यांनी देव बदलले, नावं बदलली, 1956 मध्ये धर्म बदलला. कुंपण हललं का? ज्यांनी सगळ्या रूढी सोडल्या त्यांनाही पाणी वरूनच ओतलं जात होतं. संस्कृती सोडली म्हणून ओळख सुटते, असं म्हणणाऱ्याने एकदा त्या बाजूने बघावं.

लिला अबु-लुघोद यांनी 1991 मध्ये ‘संस्कृतीविरुद्ध लिहा’ असं म्हटलं त्यावरही वक्ते घसरले. म्हणे आता संस्कृतीच नको झाली! त्या इजिप्तच्या वाळवंटात अवलाद अली बदूंच्या घरात राहिल्या होत्या. ‘बदू असं करतात’ हे वाक्य लिहिताना आपण कुणाकुणाला पुसतो आहोत हे त्यांना दिसत होतं. नको असलेलं स्थळ मोडणारी आजी, आईला न आवडणारे कपडे हौसेने घेणारी नात, या दोघी बदूच होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की समाजाच्या नावाने सरसकट वाक्यं लिहू नका, माणसांबद्दल लिहा.

आपल्या इरावतीबाईंनी हे आधीच करून ठेवलं होतं. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख पुन्हा वाचावा. दिंडी एक, अभंग एक, टाळ एकाच तालात. दुपारी मुक्काम पडला की ब्राह्मण बायकांची चूल वेगळी, मराठा बायकांची वेगळी. त्या मराठा बायकांबरोबर जेवायला बसल्या आणि त्यांच्या वागण्यात जवळीक आली. दोन चुली मात्र एक झाल्या नाहीत, आणि ते दुःख त्यांनी लेखात लपवलं नाही. वारकरी संस्कृतीची यादी करायला घेतली तर अभंग लिहिणार आणि चुली गाळणार का? की दोन चुली हेही लक्षण म्हणून नोंदवणार? वारी समजायला दोन्ही हवं, आणि त्या दोन्हींमध्ये जे खुपतं तेही.

आता वक्त्यांच्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण टाळ्या त्यालाच पडल्या होत्या. संस्कृती टाकली त्यांनी हक्क सांगू नये.

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी योर्टा योर्टा लोक आहेत. आपल्या जमिनीवर आणि पाण्यावर त्यांनी परंपरागत हक्क सांगितला. 1998 मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळला आणि 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. जुन्या रूढींशी यांची नाळ तुटली आहे, इतिहासाच्या भरतीने ती वाहून नेली, असा निकाल. मूळ रूढी कोणत्या हे ठरवायला वजन कशाला दिलं? एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या मेंढपाळ जमीनदाराच्या आठवणींना. त्याच जमिनीवर येऊन ठाण मांडलेल्या माणसाच्या पुस्तकाला. न्यायालयात येऊन तोंडी सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपेक्षा ते पुस्तक भारी ठरलं. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. 1881 मध्ये मलोगा इथल्या 42 जणांनी गव्हर्नरला अर्ज केला होता. आमची जमीन गेली, शिकार गेली, निदान शेती करून पोटं भरायला तुकडा द्या. न्यायाधीशांनी हा अर्जच पुरावा धरला की बघा, यांनी तेव्हाच जुनी जीवनपद्धती सोडली होती. आधी जमीन घ्यायची, मग जमीन मागितली म्हणून माणूस मूळचा राहिला नाही म्हणायचं. अमेरिकेत मॅशपी वाम्पानोआग लोकांच्या खटल्यात ज्यूरीने तर तारखा दिल्या. 1834 आणि 1842 मध्ये तुम्ही जमात होतात, 1790 मध्ये नव्हतात, 1869 मध्ये नव्हतात, 1976 मध्येही नाही. 2007 मध्ये सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली. मधली तीस वर्षं ते लोक कोण होते?

हे दूरचं वाटत असेल तर आपल्याकडे बघू.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते. मुलांच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’. ती मिळाल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, नोकरी पक्की होत नाही. कागद तपासतात, दक्षता पथक घरी जातं, आणि ‘अॅफिनिटी टेस्ट’ होते. जमातीशी तुमचं नातं आहे का हे देव, विधी, लग्नाच्या चाली, मर्तिकाच्या चाली विचारून बघतात. ही चौकशी 1994 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने पक्की झाली, आणि तिथे आधार म्हणून ‘मानववंशशास्त्रीय लक्षणं’ आहेत. ज्या शास्त्राने लक्षणांची यादी करणं सोडून दिलं त्याच्याच नावाने यादी चालू आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. नावगाव सांगत नाही. महादेव कोळी. वडील तरुणपणी मुंबईकडे मजुरीला आले, ही उपनगरातच जन्मली. सुनावणी आठ दिवसांवर आली तेव्हा ती माझ्याकडे वही घेऊन बसली होती. वहीत प्रश्न लिहिलेले. कुलदैवत कोणतं. देवक कशाचं. पाचवीला काय मांडतात. वाघबारस कशी करतात. तिने आजीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आजी, आपलं देवक कोणतं गं?”

“लगनात आस्तं ते.”

“त्याला नाव काय पण?”

“नाव कशाला? तुझा आजा आणायचा.”

“आणि वाघबारशीला काय करतात?”

“काय करत्यात म्हंजी? दिवाळीला ये की, बघशील.”

तिने वहीत ‘आजीला माहीत नाही’ असं लिहिलं. मग थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिली आणि ती खोडली. आजीच्या हाताखाली किती वाघबारशी झाल्या असतील. डोंगरातला वाघ कधीचा दिसेनासा झाला, तरी आश्विनातल्या बारशीला गुराखी वाघोबाच्या ठाण्याशी जमतात. आजीला ते करायचं कसं हे माहीत होतं. त्याला उत्तर म्हणून कसं सांगायचं हे माहीत नव्हतं.

वहीच्या मागे एक झेरॉक्स खोचलेली होती. आधी जाऊन आलेल्या कुणीतरी तयार केलेली उत्तरं, सगळी नीट, मुद्द्यांत, नावांसकट. सुनावणीत तिला वाघबारस विचारलीच. तिने झेरॉक्समधलं उत्तर दिलं. आजीचं दिलं नाही.

आता मला कुणी म्हणेल की खोटे दाखले घेऊन आदिवासींच्या जागा लाटणारे आहेत, त्यांचं काय? आहेत, आणि त्यांच्यावर माझा राग वक्त्यांपेक्षा कमी नाही. एक जागा गेली म्हणजे डोंगरातल्या एका मुलीचा दवाखान्यातला, शाळेतला, कचेरीतला आयुष्यभराचा पगार गेला. आदिवासी संघटना यासाठी वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी, प्रवेश यांना संरक्षण नाही. बरोबरच आहे. पण चोर पकडायला लावलेलं जाळं कुणाला धरतं ते बघा. ज्याला लबाडीच करायची आहे तो ती झेरॉक्स पाठ करून येईल. त्याला वेळ आहे, पैसे आहेत, शिकवणारा आहे. अडकेल ती आजीला फोन लावणारी.

न्यायालयांनाही हे दिसलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्थलांतर आणि आधुनिक राहणीमुळे जुन्या खुणा पुसट होऊ शकतात, तेव्हा ही चाचणी म्हणजे अखेरचा निकष धरू नका. मार्च 2023 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्कं केलं, आणि प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवायलाच हवं असंही नाही, हे सांगितलं. जुन्या, राज्यघटनेच्या आधीच्या नोंदींना जास्त वजन. माझी विद्यार्थिनी सुटली ती तशीच. चुलत आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जुनी नोंद सापडली. पण ज्यांच्या घरातलं कुणीच त्या काळी शाळेची पायरी चढलं नाही त्यांनी कोणतं रजिस्टर आणायचं? त्यांच्यासाठी नात्याची चौकशी लागणारच, हे मी मान्य करते. तर मग नात्याची करा! सोयरीक कुठे झाली, कुणाच्या घरात मुली दिल्या, मर्तिकाला खांदा द्यायला कोण येतं, गावात कोण यांना आपलं म्हणतं, कोणत्या जमिनीवरून, कोणत्या रानातून हे हटवले गेले. इरावतीबाईंनी भारतातल्या नात्यागोत्यांवर 1953 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. पाठ करून येता येत नाही ते हेच, कारण सोयरे दहा गावांत असतात आणि ते बोलतात.

मुळाशी एक जुनी खुंटी आहे ती मात्र उपटायला हवी. अनुसूचित जमाती ओळखायच्या कशा यासाठी 1965 च्या लोकूर समितीने पाच लक्षणं दिली. आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा बुजरेपणा, मागासलेपण. टायलरच्या 1871 च्या पुस्तकाला तेव्हा 94 वर्षं झाली होती. त्याचा जिना इथे जसाच्या तसा आहे. आदिवासी असायचं तर खालच्या पायरीवर, बुजरं होऊन बसलं पाहिजे. पोरगी धीटपणे बोलली, संगणक शिकली, की तिच्या आदिवासीपणाबद्दल शंका.

आणि या जिन्याला आपल्याकडच्या दोन्ही बाजूंनी हात लावला होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्राचे धुरीण, 1943 मध्ये म्हणाले की आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांनी मुख्य समाजात यावं. आदिवासींत राहिलेले व्हेरियर एल्विन म्हणत होते की त्यांना बाहेरच्यांच्या लुबाडणुकीपासून जपा. एल्विनचं काळीज मला जवळचं वाटतं. पण विरघळवा की जपा हा वाद डब्याबद्दलचा होता. आतल्या माणसाला काय हवं हे दोघांच्याही वादात मागे पडलं.

राहिला एक आक्षेप, आणि तो वक्त्यांचा नाही, माझ्याच जवळच्या लोकांचा आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्शल साह्लिन्स यांनी तो फार आधी घेतला होता. तुम्ही शास्त्रज्ञ संस्कृती हा शब्द टाकायला निघालात, आणि नेमकं त्याच वेळी जगभरचे मूळनिवासी तो उचलून आपल्या हक्कासाठी उभे राहिले. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, आपल्याकडे मोर्चे निघतात, तारपा वाजतो, ‘आमची संस्कृती’ अशा घोषणा होतात. त्यांच्या हातून तो शब्द मी काढून घेणार आहे का? नाही. त्या शब्दातून ते रान मागतात, पाणी मागतात, मान मागतात. तो शब्द त्यांच्या तोंडी एक मागणी आहे आणि ती काय असावी हे ते आपसांत भांडून ठरवतात. तोच शब्द फाइलीत गेला की चाळणी होतो. अर्जुन अप्पादुराई या आपल्या मुंबईकर मानवशास्त्रज्ञाने सुचवलं होतं की संस्कृती हे नाम वापरण्यापेक्षा सांस्कृतिक हे विशेषण वापरावं. मला त्याचा उपयोग झाला. ‘तिच्याकडे संस्कृती आहे का’ हा प्रश्न मग विचारताच येत नाही.

तर 164 व्याख्यांबद्दल. त्यातल्या बहुतेक 1920 नंतरच्या आहेत, म्हणजे लोक जगभर जाऊन राहायला लागल्यानंतरच्या. जीवशास्त्रात प्रजाती कशाला म्हणायचं यावर अजून वाद आहेत, म्हणून कुणी बेडूक नाहीत म्हणत नाही. इतक्या व्याख्या लागल्या कारण दरवेळी कुणीतरी आजी ‘नाव कशाला?’ म्हणाली आणि ऐकणाऱ्याने आपली वही खोडली. वक्ते म्हणतात ती सरळ व्याख्या हवी असेल तर ती खोडलेली ओळ पुन्हा लिहावी लागेल. मी ती लिहिणार नाही.

त्या दिवाळीत माझी विद्यार्थिनी गावी गेली. बारशीच्या रात्री तिने फोनवर चित्रफीत पाठवली. अंधारात शेकोटी, वाघोबाच्या दगडाला नवा तैलरंग, दोन पोरांच्या हातात मोबाइलच्या बॅटऱ्या, आणि सगळ्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन आजी, कुणावर तरी ओरडत की खीर उतू चालली आहे. खाली तिने लिहिलं होतं, “मॅडम, ही खीर झेरॉक्समध्ये नव्हती.”